आकडा अडकला, आता केमो?

प्रश्न : माझी धाकटी बहीण २६ वर्षांची आहे. सोनोग्राफीत द्राक्षगर्भ निघाला म्हणून पिशवी साफ केली. दर आठवड्याला रक्तातलं बीटा एचसीजी (गर्भारपणात वाढणारं संप्रेरक) तपासतो. आधी आकडा भराभर उतरला, पण शेवटचे चार रिपोर्ट १९१०, १८८०, १९४० आणि १९०० असे आहेत. डॉक्टर मेथोट्रेक्सेट हे केमोचं औषध सुरू करू म्हणतात. तुकडा न तपासता कॅन्सर कसा ठरला? त्यापेक्षा पिशवीच काढली तर?

उत्तर : आधी घरातल्या सगळ्यांना एक सांगा. द्राक्षगर्भ बहिणीच्या खाण्यापिण्यामुळे किंवा दगदगीमुळे झालेला नाही. गर्भधारणेच्या क्षणीच गुणसूत्रांची गडबड होते आणि बाळाऐवजी वारेच्या पेशी पाण्याच्या फुग्यांसारख्या वाढतात. पूर्ण द्राक्षगर्भ झालेल्या शंभरातल्या पंधरा-वीस जणींमध्ये सफाईनंतरही यातल्या काही पेशी उरतात आणि वाढू लागतात. बीटा एचसीजी याच पेशी तयार करतात. नवी गर्भधारणा नसताना तीन आठवड्यांतल्या चार तपासण्यांत आकडा असा जागच्या जागी राहिला, की उरलेल्या पेशींच्या या आजाराचं निदान झालं. तुकडा मुद्दाम काढत नाहीत, कारण या पेशींच्या गाठीत रक्तवाहिन्या फार असतात आणि रक्तस्राव आवरणं अवघड जातं.

वय, आधीचं गर्भारपण, एचसीजी, गाठीचा आकार, छातीच्या एक्स-रेत काही दिसतं का, अशा गोष्टींवरून गुण मांडतात. बहिणीचे गुण किती, ते डॉक्टरांना जरूर विचारा. ६ पर्यंत असतील तर धोका कमी, आणि या गटातल्या जवळजवळ सगळ्या जणी बऱ्या होतात. ७ किंवा जास्त असतील तर एकापेक्षा जास्त औषधं एकत्र द्यावी लागतात.

कमी धोक्यासाठी रूढ पद्धत अशी : १, ३, ५ आणि ७ व्या दिवशी मेथोट्रेक्सेट ५० मिलिग्रॅम स्नायूत, प्रत्येक इंजेक्शननंतर साधारण तीस तासांनी फोलिनिक ॲसिडची १५ मिलिग्रॅमची गोळी. दर चौदा दिवसांनी पुन्हा तेच. ही गोळी चुकली तर तोंड सोलवटतं, म्हणून मोबाइलला गजरच लावा. गरोदरपणातल्या उरलेल्या फोलिक ॲसिडच्या गोळ्या मात्र बंद! नावं सारखी वाटली तरी औषधं वेगळी आहेत, आणि फोलिक ॲसिडमुळे केमोचा जोर कमी पडू शकतो. अंगदुखीवर मनाने गोळी घेऊ नये, काही वेदनाशामकांमुळे मेथोट्रेक्सेट शरीरात साचतं.

सगळ्यात मोठी चूक होते ती आकडा नॉर्मल आल्यावर. बरं वाटतं, इंजेक्शनं थांबतात आणि आजार उलटतो. नॉर्मलनंतरही सहसा तीन फेऱ्या पूर्ण करतात. तपासणी शक्यतो एकाच लॅबमध्ये करा. आकडा पुन्हा अडकला तर ॲक्टिनोमायसिन-डी हे दुसरं केमोचं औषध देतात. त्याने खचून जाऊ नका.

पिशवी काढली तरी रक्तातून फुप्फुसात गेलेल्या पेशी राहू शकतात, एचसीजी तपासत राहावंच लागतं. या वयात आणि मूल हवं असेल तर पिशवी वाचवणंच योग्य. शेवटच्या केमोनंतर वर्षभर मात्र दिवस राहू देऊ नका, नाहीतर आजार उलटला की गर्भ राहिला हे आकड्यावरून कळत नाही. निरोध किंवा गोळ्या चालतील. आकडा नॉर्मल होईपर्यंत तांबी नको.

प्रश्न : नीट बाळंतपण झालेल्या बाईलाही हा आजार होतो का?

उत्तर : होतो, क्वचित. बाळंतपणानंतर कित्येक आठवडे अंगावरून जात राहिलं, किंवा खोकल्यातून रक्त पडलं, तर टीबीची औषधं सुरू करण्याआधी एकदा बीटा एचसीजी करून घ्या. रक्ताची साधी तपासणी आहे, उपाशीपोटी जावं लागत नाही.