स्वतःलाच घालून-पाडून बोलताना

या अंकासाठी कोल्हापूर आणि आसपासच्या भागातून आलेल्या पत्रांत एक तक्रार पुन्हा पुन्हा दिसली: बाहेरचं कुणी काही म्हणत नाही, पण आतून कुणीतरी दिवसभर टोचून बोलतं. त्यातली चार पत्रं इथे घेतली आहेत. पत्रलेखकांची ओळख पटेल असे तपशील काढले आहेत.

प्रश्न : मी गोकुळ शिरगाव एमआयडीसीत सीएनसीवर (संगणकावर चालणाऱ्या मशिनवर) ऑपरेटर आहे, बरीच वर्षं झाली. मध्यंतरी इन्सर्ट (धातू कापणारं टोक) बदलल्यावर ऑफसेट (मशिनला द्यायची मापाची दुरुस्ती) देताना चुकलं, चार कास्टिंगचे (ओतीव भागांचे) बोअर, म्हणजे भोकं, मोठे झाले आणि रिजेक्ट गेले. साहेब एकदा बोलले आणि विसरले. माझ्या डोक्यात मात्र तेव्हापासून एकच चालू आहे, 'तुला काय येत नाही, तुझ्यामुळं सगळ्यांचं नुकसान.' हे बंद कसं करायचं? आणि बंद केलं तर मी निष्काळजी होणार नाही ना?

दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करू, कारण तो सुटल्याशिवाय पहिला सुटत नाही. 'मी स्वतःला झापतो म्हणून माझं काम नीट होतं' हा समज फार खोल रुजलेला असतो. तो चुकीचा आहे, पण रोज खरा ठरल्यासारखा वाटतो. डॅनियल कानमन या मानसशास्त्रज्ञांना 2002 मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. इस्रायली हवाई दलातल्या प्रशिक्षकांचा एक अनुभव त्यांनी सांगितला आहे. प्रशिक्षकांचं म्हणणं असं की कौतुक केलं की शिकाऊ वैमानिकाचं पुढचं उड्डाण बिघडतं आणि झापलं की सुधारतं. कानमन यांच्या लक्षात आलं की यात झापण्याचा काही हात नाही. अगदी वाईट उड्डाणानंतरचं उड्डाण बहुधा त्या माणसाच्या नेहमीच्या पातळीवर येतं, म्हणजे आधीच्यापेक्षा बरंच होतं, कुणी काही बोलो वा न बोलो. तुमचंही तेच झालं. चार जॉब (मशिनवरचे नग) बिघडले, तुम्ही स्वतःला शिव्या घातल्या, पुढचे सगळे जॉब बरोबर निघाले. श्रेय शिव्यांना गेलं, काम तुमच्या बसलेल्या हातानं केलं होतं.

उलट, झापण्यानं काम बिघडण्याचीच शक्यता जास्त. माप तपासायला गेज लावताना निम्मं लक्ष 'परत चुकणार तू' या वाक्याकडे असेल तर मापाकडे निम्मंच उरतं. मग खरंच चूक होते आणि आवाजाला नवा पुरावा मिळतो.

आता बंद करण्याबद्दल. जोर लावून बंद करायला जाऊ नका. 1987 मध्ये डॅनियल वेग्नर यांनी काही विद्यार्थ्यांना पाच मिनिटं पांढऱ्या अस्वलाचा विचार न करायला सांगितलं होतं. विचार आला की घंटा वाजवायची. घंटा वाजत राहिल्या, आणि नंतर मोकळीक दिल्यावर या विद्यार्थ्यांना अस्वल इतरांपेक्षा जास्त आठवलं. दाबलेला विचार असाच उसळून येतो. त्यामुळे वाक्य दाबण्याऐवजी ते बाहेर काढून तपासायचं. ॲरन बेक यांनी 1960 च्या दशकात नैराश्याच्या रुग्णांसोबत काम करताना ही पद्धत उभी केली. ती अशी करा.

साधी दोनशे पानी वही घ्या. शिफ्ट संपल्यावर, अंथरुणावर पडायच्या निदान तासभर आधी, दहा-बारा मिनिटं बसा. दिवसाला एकच प्रसंग, जास्त नको. आधी फक्त घडलं तेवढं लिहा: 'इन्सर्ट बदलला, ऑफसेट चुकला, चार बोअर मोठे.' कॅमेऱ्याला दिसलं असतं तेवढंच. त्याखाली आवाजाचं वाक्य जसंच्या तसं, त्याच शब्दांत. शिवी असेल तर शिवीसकट. शेजारी हे वाक्य आत्ता किती खरं वाटतं ते शंभरपैकी लिहा. मग बाजूचे पुरावे, मग विरुद्धचे. शेवटी दोन्ही बाजू धरून एक नवं वाक्य आणि जुन्या वाक्याला पुन्हा शंभरपैकी आकडा.

इथे चुका ठरावीक ठिकाणी होतात. पहिली, वाक्याऐवजी प्रश्न लिहिला जातो: 'माझ्याच बाबतीत असं का होतं?' प्रश्न तपासता येत नाही. त्यामागे दडलेलं विधान काढा, बहुधा ते 'मी नालायक आहे' असंच निघतं. दुसरी, पुराव्यात भावना लिहिली जाते: 'मला लाज वाटते, म्हणजे मी चुकीचाच आहे.' लाज खरी आहे, पण ती तुमच्या कौशल्याचा पुरावा नाही. पुरावा म्हणजे तुमचं रिजेक्शनचं रजिस्टर. ते उघडा आणि गेल्या सहा महिन्यांत तुमच्या मशिनवरचे एकूण जॉब किती आणि रिजेक्ट किती ते बघा. तिसरी चूक म्हणजे नवं वाक्य गोडगोड करणं. 'मी उत्तम ऑपरेटर आहे' हे आज तुम्हाला पटणार नाही. 'इन्सर्ट बदलल्यावर मी पहिला जॉब न मोजता पुढे गेलो, त्यात चार गेले. बाकी काम नेहमीसारखं आहे' हे पटेल. चौथी, आकडा शून्यावर यायला हवा असं वाटणं. नव्वदचा साठ झाला तरी त्या दिवसाचं काम झालं. आणि हे सगळं मनातल्या मनात करू नका. मनात केलं की आवाज मध्येच तोंड घालतो, कागदावर त्याला रांगेत थांबावं लागतं.

'तुझ्यामुळं सगळ्यांचं नुकसान' या वाक्यासाठी वेगळा उपाय आहे. कागदावर मोठं वर्तुळ काढा. त्या चुकीला ज्यांचा-ज्यांचा हातभार लागला त्यांची यादी करा: पाळी बदलताना निरोप अर्धवट होता का, बोअर गेज दुसऱ्या मशिनवर होता का, पहिला जॉब तपासायचा नियम लेखी होता का, वेळेची घाई कुणी लावली. प्रत्येकाला टक्केवारी देऊन वर्तुळाचे भाग पाडा. स्वतःचा भाग सगळ्यात शेवटी. आधी स्वतःचा काढलात तर शंभर टक्के तुमचेच होतील आणि बाकीच्यांना जागाच उरणार नाही. शेवटी उरलेला वाटा तीस टक्के असो की पन्नास, तो तुमचा, आणि त्यावर नेमकी कृती ठरवा: इन्सर्ट बदलला की पहिला जॉब मोजल्याशिवाय दुसरा लावायचा नाही. टोचणाऱ्या आवाजाकडून घ्यायचं ते एवढंच. तो कामाबद्दल बोलायला सुरुवात करतो आणि नकळत माणसावर निकाल देतो. कामाबद्दलचं ऐका, माणसावरचा निकाल वहीत तपासायला ठेवा.

मशिनवर उभं असताना वही उघडता येत नाही. तेव्हासाठी ईथन क्रॉस आणि सहकाऱ्यांनी 2014 मध्ये प्रसिद्ध केलेलं संशोधन उपयोगी पडेल. ताणाच्या प्रसंगी 'मी'ऐवजी स्वतःचं नाव घेऊन किंवा 'तू' म्हणून स्वतःशी बोलणाऱ्यांना थोडं अंतर मिळतं, आणि ते प्रसंग जास्त शांतपणे हाताळतात. तुमच्याकडे तर त्यासाठी कोल्हापूरनं दिलेला शब्दच आहे. मित्राला म्हणाल तसं मनात म्हणा: 'भावा, आधी गेज लाव, मग बघू.' सूर मित्राचाच ठेवा. 'तू' म्हणून झापायला लागलात तर उपयोग उलटा.

प्रश्न : मंगळवार पेठेत राहते, बँकेत नोकरी करते. काहीही राहिलं की 'एवढंही जमत नाही तुला?' असं मनात येतं, तेही थेट वडिलांच्या आवाजात. एका शिबिरात रोज आरशासमोर 'मी यशस्वी आहे, मी सुंदर आहे' म्हणायला सांगितलं. पंधरा दिवस म्हटलं. जास्तच खोटं वाटायला लागलं. माझ्यातच काही बिघाड आहे का?

बिघाड तुमच्यात नाही, उपायात आहे. 2009 मध्ये जोॲन वुड आणि सहकाऱ्यांनी नेमकं हेच तपासलं होतं. स्वतःबद्दल आधीच बरं मत असलेल्यांना अशी वाक्यं म्हणून किंचित बरं वाटलं. ज्यांचं स्वतःबद्दलचं मत वाईट होतं, म्हणजे ज्यांना या उपायाची खरी गरज, त्यांना मात्र आणखी वाईट वाटलं. कारण सरळ आहे. 'मी यशस्वी आहे' म्हटलं की मन लगेच विरुद्ध उदाहरणं काढून दाखवतं, आणि तुम्ही रोज सकाळी स्वतःच्या अपयशांची उजळणी करून घराबाहेर पडता. आरसा आजपासून बंद.

त्याऐवजी सूर बदला. बोलणाऱ्याचे शब्द जितके लागतात त्याहून त्याचा सूर जास्त लागतो. पॉल गिल्बर्ट यांच्या करुणाकेंद्री उपचारपद्धतीत यावर बराच भर आहे. एक प्रयोग करा. 'आज दोन कामं राहिली' हे एकच वाक्य आधी वडिलांच्या सुरात मनात म्हणा, मग लाडक्या मावशीच्या किंवा जवळच्या मैत्रिणीच्या: 'अगं, आज दोन कामं राहिली.' शब्द तेच, माहिती तीच. छातीत काय होतं ते बघा. त्याआधी दोन मिनिटं श्वास घ्या: चार अंक मोजत आत, सहा मोजत बाहेर. उच्छ्वास लांब असला की शरीर सावकाश होतं, आणि ताठलेल्या शरीरात मऊ सूर येत नाही.

यानंतर आठवड्यातून एकदा पत्र लिहा. तुमच्या जागी तुमची मैत्रीण आहे, तिच्याकडून हेच राहिलं आहे, असं धरून तिला अर्धं पान. त्यात तीन गोष्टी हव्यात: तिला त्रास होतोय हे स्पष्ट म्हणणं, असं इतरांचंही होतं याची आठवण, आणि पुढे करायची एक छोटी गोष्ट. मग नाव खोडून तिथे स्वतःचं घाला आणि मोठ्यानं वाचा. पहिल्या एक-दोन वेळा रडू येईल किंवा अवघडल्यासारखं होईल. ज्यांना लहानपणी मायेचा सूर कमी मिळाला त्यांना तो सूर आधी परका वाटतो, कधी भीतीदायकसुद्धा. तेव्हा चार ओळींवर थांबा, पण सोडू नका.

यामुळे आपण ढिल्या पडू अशी भीती तुम्हाला वाटेल. 2012 मध्ये ज्युलियाना ब्राइन्स आणि सेरेना चेन यांनी कठीण परीक्षेत कमी पडलेल्या विद्यार्थ्यांपैकी काहींना स्वतःशी समजुतीनं वागायला सुचवलं. पुढच्या परीक्षेसाठी इतरांपेक्षा जास्त वेळ अभ्यास याच विद्यार्थ्यांनी केला.

वडिलांशी याबद्दल बोलावं का, असंही तुम्ही पत्रात शेवटी विचारलं आहे. आत्ता नको. त्यांनी मान्य करावं यावर तुमचं बरं होणं टांगून ठेवू नका. त्यांना माफ करायचीही घाई नाही. 'हा सूर बाबांचा, निर्णय माझा' एवढं दिवसातून दोनदा ओळखता आलं तरी पुरे.

प्रश्न : कळंब्यात राहतो. मुलगा दहावीला आहे. गणिताचं पुस्तक उघडलं की म्हणतो, 'मी ढच आहे.' आम्ही सारखं सांगतो, तू हुशार आहेस. ऐकत नाही.

'तू हुशार आहेस' सांगणं थांबवा. क्लॉडिया म्यूलर आणि कॅरल ड्वेक यांनी 1998 मध्ये पाचवीतल्या मुलांवर केलेल्या प्रयोगांत, हुशारीचं कौतुक झालेली मुलं पुढच्या अवघड कोड्यांत अडल्यावर लवकर नाउमेद झाली. मेहनतीचं कौतुक झालेली टिकून राहिली. हुशारीचा शिक्का मिळाला की प्रत्येक अडलेलं गणित तो शिक्का पुसायला येतं.

तो 'मी ढ आहे' म्हणाला की वाद न घालता विचारा, 'कुठलं गणित?' तो 'सगळीच' म्हणेल. पुस्तक उघडून एक गणित दाखवायला सांगा, आणि त्यात तो कुठल्या पायरीवर थांबतो तिथे पेन्सिलनं खूण करा. आठवड्याभरात खुणा एक-दोन जागीच जमलेल्या दिसतील, बहुतेकदा वर्गसमीकरणाचे अवयव पाडताना किंवा शाब्दिक उदाहरणाचं समीकरण मांडताना. 'ढ' असण्यावर काही करता येत नाही, अवयव पाडण्यावर येतं. रोज त्याच प्रकारची तीन गणितं पुरेत. आणि घरात मोठी माणसं स्वतःबद्दल काय बोलतात याकडेही लक्ष द्या. 'माझं डोकंच चालत नाही' हे वाक्य मुलं स्वयंपाकघरातूनच उचलतात.

प्रश्न : वही लिहून बघितली, उपयोग नाही. गेला महिनाभर झोप नाही, जेवण नको वाटतं. 'मी नसलेलीच बरी' असं मनात येतं. हे तेच का वेगळं?

हे वेगळं आहे, आणि यासाठी वहीवर थांबू नका. उदासी किंवा कशातच रस नसणं दोन आठवड्यांहून जास्त, जवळजवळ रोज असेल, जोडीला झोप-भूक बिघडली असेल आणि स्वतःला निरुपयोगी समजणं सुरू झालं असेल, तर ते नैराश्य असू शकतं. या आजारात आतला आवाज आजाराचाच भाग असतो, आणि नुसत्या युक्तिवादानं तो हलत नाही. तुमची वही चालली नाही यात तुमचा दोष नाही.

'मी नसलेलीच बरी' हा विचार आजच घरातल्या एका माणसाला याच शब्दांत सांगा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक चोवीस तास मोफत चालतो, मराठीत बोलता येतं. कोल्हापुरात सीपीआर (छत्रपती प्रमिलाराजे) या सरकारी रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे; बाह्यरुग्ण विभागात केसपेपर काढून दाखवता येतं. जीव देण्याची पद्धत किंवा वेळ मनात ठरत असेल तर ओपीडीची वाट पाहू नका, कुणाला तरी सोबत घेऊन सरळ अपघात विभागात जा. घरच्यांनी तोवर तुम्हाला एकटं ठेवू नये, आणि कीटकनाशकं, गोळ्यांचा साठा कुलपात ठेवावा.

डॉक्टरांना तीन गोष्टी नक्की सांगा: हे कधीपासून आहे, रात्री किती तास झोप लागते, आणि मरणाचे विचार किती वेळा येतात. थायरॉइड आणि हिमोग्लोबिनच्या तपासण्या सांगतील तर करून घ्या, कारण त्यांच्या बिघाडातही अशीच मरगळ येते. नैराश्यावरच्या गोळ्यांची सवय लागते ही भीती बाळगू नका. बहुतेक गोळ्यांचा गुण दिसायला दोन ते चार आठवडे लागतात. या काळात मळमळ किंवा बेचैनी झाली तर स्वतः बंद न करता डॉक्टरांना कळवा. बरं वाटल्यावरही औषध साधारण सहा महिने किंवा अधिक चालू ठेवतात आणि मग हळूहळू कमी करतात. एकदम थांबवलं तर चक्कर, चिडचिड होते आणि आजार उलटण्याची शक्यता वाढते.