स्टॅच्यू ऑफ लिबर्टीचा हिरवा थर घासून पुतळा पुन्हा तांबूस का करत नाहीत?

कारण तो थरच पुतळ्याला वाचवतो. तांब्याचा पत्रा जेमतेम २.४ मिमी जाडीचा आहे. एकावर एक ठेवलेल्या दोन नाण्यांपेक्षाही पातळ. वरचा हिरवा थर आतल्या तांब्याची झीज अगदी मंद करतो. कळशीसारखा चिंचेने घासलात तर दर खेपेला थोडं तांबं जाणार आणि वीस-तीस वर्षांत पुतळा परत हिरवा होणार. १९०६च्या सुमारास रंग देण्याची टूम निघाली होती, लोकांनी ती हाणून पाडली. बरंच झालं.

खरं दुखणं आत होतं. पत्रा लोखंडी पट्ट्यांच्या सांगाड्यावर बसवलेला. दोन धातू थेट भिडू नयेत म्हणून मध्ये लाखेत भिजवलेलं अ‍ॅस्बेस्टॉस होतं. ते खराब झालं, पाणी शिरलं आणि तांब्याच्या सहवासात लोखंड झपाट्याने गंजलं. गंजलेलं लोखंड फुगतं, त्यामुळे पट्ट्या धरणारे रिव्हेट पत्र्यातून उपटून निघाले. १९८६ला संपलेल्या दुरुस्तीत त्या पट्ट्या काढून स्टेनलेस स्टीलच्या बसवल्या, मध्ये टेफ्लॉन घातलं. गळकी मशालही बदलली. नव्या ज्योतीवर सोन्याचा वर्ख आहे.

याच कामात पत्र्याला आतून फासलेलं डांबर काढायला खाण्याच्या सोड्याचा मारा केला. सोडा सांध्यांतून बाहेर झिरपला आणि हिरव्या थरावर डाग पडले. घासण्याची हौस असलेल्यांनी एवढं ध्यानात घ्यावं.