वाचकांचे प्रश्न : स्विचमागे न सापडणारा टीव्ही ट्यूनर

प्रश्न : आमचे घर रावेर तालुक्यात मळ्यातच असून घराला लागून केळीची वखार आहे. वखारीवर कॅमेरे बसवले, तेव्हा बसवणाऱ्याने माळ्यावर आठ पोर्टांचा पीओई स्विच (नेटवर्कच्या केबलमधूनच कॅमेऱ्यांना वीजही पुरवणारा) लावून दिला होता. अलीकडे आम्ही डीडी फ्री डिशची छत्री नेटवर्क ट्यूनरला जोडली. खोल्याखोल्यांतून छत्रीची केबल ओढण्याऐवजी घरातल्या नेटवर्कवरूनच टीव्ही पाहता यावा, हा हेतू होता. ट्यूनर थेट राउटरला लावला की सगळ्या वाहिन्या दिसतात. माळ्यावरच्या स्विचला लावला की टीव्हीवरचे अ‍ॅप ‘ट्यूनर सापडला नाही’ असे सांगते. टीव्हीही त्याच स्विचला केबलने जोडलेला आहे आणि त्यावर इंटरनेट चालते. स्विचवरचे दिवे लागतात. वाय-फायवरच्या मोबाइलला मात्र ट्यूनर दिसतो. दुकानदाराचे म्हणणे आहे की ट्यूनर बदलावा. काय करावे?
— एक वाचक, ता. रावेर

उत्तर : ट्यूनर बदलू नये. आपण पत्रात दिलेल्या निरीक्षणांवरूनच तो चांगला असल्याचे सिद्ध होते आणि दोष कोठे आहे हेही बहुतांशी कळते. त्यातही मोबाइलविषयीचे वाक्य सर्वांत मोलाचे आहे.

राउटरला लावल्यावर वाहिन्या दिसतात, याचा अर्थ छत्री, तिची केबल, ट्यूनर आणि टीव्हीवरचे अ‍ॅप ही सारी साखळी ठीक आहे. स्विचला लावल्यावरही मोबाइलला ट्यूनर दिसतो, म्हणजे ट्यूनर ते स्विच आणि स्विच ते राउटर हा मार्गही उघडा आहे, आणि ट्यूनरला राउटरकडून नेटवर्कवरचा पत्ता मिळालेला आहे. टीव्हीवर इंटरनेट चालते, म्हणजे टीव्ही ते राउटर हा मार्गही उघडा आहे. मग बंद काय राहिले? एकाच स्विचच्या दोन पोर्टांमधला, टीव्हीपासून ट्यूनरपर्यंतचा सरळ मार्ग तेवढा बंद आहे. साध्या स्विचमध्ये असे होत नाही. कॅमेऱ्यांसाठी बनवलेल्या स्विचमध्ये मात्र ते मुद्दाम केलेले असते.

माळ्यावर चढून स्विचच्या दर्शनी बाजूला एक छोटे सरकते बटण आहे का ते पाहावे. अशा बहुतेक स्विचांवर ते असते. त्याच्याजवळ ‘व्हीलॅन’, ‘एक्स्टेंड’ किंवा ‘सीसीटीव्ही’ यांपैकी काहीतरी बारीक अक्षरांत छापलेले असते आणि धुळीमुळे ते सहज वाचता येत नाही. बटण व्हीलॅनच्या बाजूला असेल, तर कॅमेऱ्यांचे पोर्ट एकमेकांपासून तोडले जातात आणि प्रत्येक पोर्ट फक्त अपलिंक पोर्टाशी, म्हणजे राउटर किंवा रेकॉर्डर जेथे लावतात त्या पोर्टाशी बोलू शकतो. कॅमेऱ्यांच्या दृष्टीने ही सोय योग्यच आहे. एका कॅमेऱ्याला दुसऱ्याशी बोलण्याचे कारण नसते, आणि एखादा कॅमेरा बिघडून नेटवर्कवर अखंड गोंगाट करू लागला तरी बाकीच्यांना त्याची झळ पोहोचत नाही. बसवणाऱ्याने ते बटण तसे ठेवले यात त्याचे काही चुकलेले नाही. त्या स्विचवर पुढे टीव्ही आणि ट्यूनर येतील याची त्याला कल्पना नव्हती. राउटरनेच टीव्हीचा निरोप परत फिरवून ट्यूनरला का देऊ नये, असा प्रश्न मनात येईल. पण निरोप ज्या पोर्टातून आला त्याच पोर्टातून तो पुन्हा बाहेर पाठवायचा नाही, हा इथरनेटचा मूळ नियम आहे, आणि म्हणून तो मार्ग तेथेच संपतो.

बटण साध्या बाजूला सरकवून स्विचचा अ‍ॅडॉप्टर काढून पुन्हा लावावा, कारण पुष्कळ स्विच बटणाची स्थिती फक्त सुरू होतानाच वाचतात. त्यानंतर टीव्हीवरचे अ‍ॅप बंद करून नव्याने उघडावे. ट्यूनर दिसू लागला, तर निदान पक्के झाले.

तरीही कायमचा उपाय म्हणून मी वेगळा सल्ला देईन. कॅमेऱ्यांचा स्विच कॅमेऱ्यांसाठीच, व्हीलॅनच्या स्थितीतच राहू द्यावा आणि टीव्हीजवळ पाच पोर्टांचा साधा स्विच लावावा. टीव्ही आणि ट्यूनर दोन्ही या लहान स्विचला जोडून त्याची एकच केबल माळ्यावरच्या स्विचला न्यावी. त्या दोघांमधली वाहतूक मग लहान स्विचच्या आतच पुरी होते, वरच्या स्विचचे बटण कोठेही असले तरी फरक पडत नाही, आणि वखारीची राखणही पूर्वीसारखी चालू राहते. केबल एकच न्यावी हे पुन्हा सांगतो. दोन स्विचांमध्ये चुकून दोन केबली लागल्या तर निरोप गोल फिरत राहून घरातले सगळे नेटवर्क ठप्प होते. आपला दुसरा टीव्ही दुसऱ्या खोलीत केबलवर असेल, तर त्याची केबलही याच लहान स्विचला आणावी लागेल. काही कॅमेरा-स्विचांत ही तोडणी आतच कायम केलेली असते आणि बटण नसतेच. तेथे तर लहान स्विचवाचून दुसरा मार्ग नाही.

पीओई स्विचमधून येणाऱ्या विजेने ट्यूनर जळेल का, ही शंका आपण विचारलेली नसली तरी तिचे उत्तर द्यायला हवे. स्विचवर ८०२.३एएफ किंवा ८०२.३एटी (ही पीओईची प्रमाणके आहेत) असे छापलेले असेल तर भीती नाही. असा स्विच आधी समोरच्या उपकरणात सुमारे २५ किलोओहमचा ठरावीक रोध आहे का ते तपासतो आणि तो आढळला तरच वीज सोडतो. काही स्वस्त स्विच मात्र न विचारता केबलमध्ये सतत वीज सोडतात. असा स्विच असल्यास त्याच्या कॅमेरा-पोर्टांत ट्यूनर किंवा टीव्ही अजिबात लावू नये.

हाच प्रश्न वेगळ्या लक्षणांसह असणाऱ्यांसाठी थोडे लिहितो. स्विचवरचा दिवाच लागत नसेल, तर विचार केबलचा करावा. १०० मेगाबिटच्या जोडणीला आठपैकी १, २, ३ आणि ६ या चारच तारा पुरतात. गिगाबिटला आठही लागतात. त्यामुळे माळ्यावर उंदराने कुरतडलेली किंवा टोकाला नीट न दाबलेली केबल जुन्या राउटरच्या १०० मेगाबिटच्या पोर्टावर बिनबोभाट चालते आणि गिगाबिट स्विचवर मात्र कधीकधी जोडणीच धरत नाही. अशा वेळी स्विचला दोष दिला जातो. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या केबली खूप आहेत. त्यांची तार टोकाशी लवकर तुटते. दिवा लागतो, पण ट्यूनरचा पत्ता १६९.२५४ने सुरू होतो, असे दिसल्यास त्याला राउटरकडून पत्ता मिळालेला नाही आणि त्याने स्वतःच एक तात्पुरता पत्ता घेतला आहे, असे समजावे.

प्रश्न : एका कार्यालयातून निघालेला जुना मॅनेज्ड (सेटिंग बदलता येणारा) स्विच घेतला आहे. सॅट-आयपी ट्यूनर (छत्रीच्या वाहिन्या नेटवर्कवर देणारा) सुरू केल्यावर टीव्हीला सापडतो, पण चार-पाच मिनिटांनी अ‍ॅप पुन्हा उघडले तर यादीतून नाहीसा झालेला असतो. चालू असलेली वाहिनी मात्र चालूच राहते. वीज जाऊन आली की कधीकधी त्याला पत्ताच मिळत नाही.
— एक वाचक, धुळे

उत्तर : ही दोन स्वतंत्र दुखणी आहेत आणि दोन्ही स्विचच्या सेटिंगमधली आहेत. टीव्हीवरचे अ‍ॅप ट्यूनर शोधताना २३९.२५५.२५५.२५० या मल्टिकास्ट (एकाच वेळी अनेकांसाठी असलेल्या) पत्त्यावर हाक देते. आपल्या स्विचमध्ये आयजीएमपी स्नूपिंग (कोणाला कोणती हाक हवी याची नोंद ठेवणारी सोय) चालू असावे. त्यामुळे ही हाक ज्याने ऐकण्याची इच्छा कळवली आहे त्याच पोर्टाला दिली जाते. ट्यूनर सुरू होताना तशी इच्छा कळवतो. पुढे अधूनमधून ‘अजून ऐकताय का’ असे विचारणारा क्वेरिअर नेटवर्कवर असावा लागतो, आणि तो घरगुती राउटरांत बहुधा नसतो. कोणी विचारत नाही म्हणून ट्यूनर पुन्हा कळवत नाही, आणि सर्वसाधारण सेटिंगमध्ये २६० सेकंदांनी स्विच त्याचे नाव काढून टाकतो. आपली चार-पाच मिनिटे ती हीच. चालू वाहिनी थेट टीव्हीच्या पत्त्यावर येत असल्याने तिला याची बाधा होत नाही. स्विचमध्येच क्वेरिअर सुरू करावा, किंवा घरगुती वापरात स्नूपिंग सरळ बंद करावे.

वीज आल्यानंतरच्या अडचणीचे कारण बहुधा स्पॅनिंग ट्री (निरोप गोल फिरू नयेत म्हणून स्विच घेतो ती खबरदारी) हे आहे. तिच्या जुन्या पद्धतीत पोर्ट खुला होण्यापूर्वी १५ आणि १५ अशी ३० सेकंदे थांबतो, आणि तेवढ्यात ट्यूनर पत्ता मागून मागून थकलेला असतो. ट्यूनरच्या पोर्टापुरते ‘एज पोर्ट’ किंवा ‘पोर्टफास्ट’ हे सेटिंग चालू करावे. अर्थात जुन्या कार्यालयातले व्हीलॅन (एकमेकांपासून तोडलेले पोर्टांचे गट) या स्विचमध्ये शिल्लक असण्याची शक्यता मोठी आहे, तेव्हा इतके करण्याआधी स्विच रीसेट करून कोरा करून घेणे उत्तम.

प्रश्न : भावाचे घर शेताच्या दुसऱ्या टोकाला, अंदाजे दीडशे मीटरवर आहे. आमच्या ट्यूनरवरच्या वाहिन्या तिकडे नेण्यासाठी पीओई स्विचचे ‘एक्स्टेंड’ बटण वापरावे का?
— एक वाचक, शिरपूर

उत्तर : वापरू नये. तांब्याच्या केबलची इथरनेटसाठीची मर्यादा १०० मीटर आहे. एक्स्टेंडने ती २५० मीटरपर्यंत जाते हे खरे, पण वेग १० मेगाबिटवर येतो. साध्या वाहिनीला दोन ते चार मेगाबिट लागतात, म्हणजे एक-दोन टीव्ही चालतील. तिसरा लागला की चित्र अडखळू शकेल. शिवाय शेतातून गेलेली तांब्याची तार वळवाच्या पावसात जवळपास वीज पडली तरी दोन्ही घरांतली उपकरणे निकामी करू शकते. दोन घरांमध्ये फायबर टाकावी आणि दोन्ही टोकांना मीडिया कन्व्हर्टर (फायबर आणि तांब्याची केबल यांना जोडणारे उपकरण) लावावेत. धातूची तार नसलेली फायबर घ्यावी, आणि नांगराच्या फाळाला लागणार नाही इतक्या खोलीवर पाइपातून न्यावी.