लोकांचा पोलिसांवरचा विश्वास का उडत चाललाय?

माझ्या मते विश्वास उडतो तो बातम्यांमुळे कमी, पोलीस ठाण्यातल्या टेबलासमोर जास्त. मोबाइल चोरीला गेला म्हणून जावं, तर "हरवला असं लिहा" म्हणतात. चोरी लिहिली की गुन्हा दाखल करावा लागतो, तपास करावा लागतो, आकडा वाढतो. मारहाणीची तक्रार असेल तर एनसीवर (म्हणजे नुसत्या अदखलपात्र नोंदीवर) भागवतात. नाहीतर "ही आमची हद्द नाही" आहेच. ज्याची ओळख आहे त्याचं काम मात्र एका फोनवर होतं, आणि हे बाकड्यावर बसलेला माणूस बघत असतो.

बदलापूरला ऑगस्ट २०२४ मध्ये लहान मुलींवरच्या अत्याचाराची तक्रार घेऊन गेलेल्या पालकांना तासन् तास ताटकळत ठेवलं. लोक रुळांवर उतरले ते या रागामुळेसुद्धा.

खरं तर दखलपात्र गुन्हा (ज्याचा तपास पोलीस न्यायालयाच्या परवानगीशिवाय करू शकतात) असेल तर एफआयआर नोंदवणं बंधनकारक आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्येच ललिता कुमारी खटल्यात सांगितलंय. आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या कायद्याच्या) कलम १७३ नुसार हद्दीचं कारणही चालत नाही. एफआयआरची प्रत मोफत मिळते, ती मागून घ्याच. नकार दिला तर तक्रार लेखी स्वरूपात पोलीस अधीक्षकांकडे (शहरात आयुक्तालय असेल तर उपायुक्तांकडे) पाठवा, तिथेही दाद नाही मिळाली तर मॅजिस्ट्रेटकडे अर्ज करता येतो.

शिपायांवर बंदोबस्ताचा ताण प्रचंड आहे, हे मान्य. पण तक्रार न घेण्याचं ते कारण होऊ शकत नाही.