पोरीला गॅसच्या कंपनीत पाठवू का?

भाऊ, भुसावळहून आलेलं तुमचं पत्र दोनदा वाचलं. मुलीला इन्स्ट्रुमेंटेशन डिप्लोमाला 71 टक्के, अंकलेश्वरच्या केमिकल प्लांटला गॅस डिटेक्टर, म्हणजे हवेतला धोक्याचा गॅस ओळखणारी यंत्रं, यांच्या मेंटेनन्सची अप्रेंटिसशिप मिळतेय, आणि तुमचं म्हणणं हे विषारी काम पोरीच्या जातीचं नाही, उद्या सोयरीक कशी जमेल, त्यापेक्षा घरी बसून एमपीएससी करावी. तिला काय वाटतं यावर दोन पानांत एकच वाक्य, "ती हट्टाला पेटलीय". अहो, तीन वर्षं शिकली तेच काम करते म्हणाली तर हट्ट? आणि अर्धं खानदेश सुरतेकडे पोट भरतंय, अंकलेश्वर काय परदेश आहे का.

मार्क ठीकच आहेत. मला धसका बसला तो दुसऱ्याच ओळीचा: "मी 22 वर्षं कोल्ड स्टोरेजला अमोनियात काढली, मशीन कधी लागलं नाही, नाकाला कळतं."

नाही कळत भाऊ. अमोनिया निदान डोळे-नाक झोंबवून पळवून तरी लावतो. हायड्रोजन सल्फाइड थोडा असला की सडक्या अंड्यासारखा वास येतो, पण 100 पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत 100 भाग) आसपास गेला की काही मिनिटांत नाकच बधिर होतं, आणि माणूस वास गेला म्हणजे गॅस गेला समजून टाकीत उतरतो. कार्बन मोनॉक्साइडला तर वासच नाही. आपले जुने लोक विहिरीत आधी कंदील सोडायचे, विझला तर उतरायचं नाही, तो त्यांचा डिटेक्टरच की, पण कंदिलाला विष कळत नाही आणि खाली मिथेन असला तर भडकाच. हे दोन विषारी गॅस, पेटणारा गॅस आणि ऑक्सिजन मोजणारा चार गॅसचा मीटर चांगल्या हवेत ऑक्सिजन 20.9 टक्के दाखवतो, 19.5 च्या खाली गेला की ओरडतो. पण तो मीटर खरं बोलतोय का हे कोण बघणार? सेन्सर मेला तरी स्क्रीनवर शून्यच दिसू शकतं! म्हणून सिलिंडरमधला ठरलेल्या प्रमाणाचा गॅस सेन्सरवर सोडायचा, आकडा चढतो का, अलार्म वाजतो का ते बघायचं, त्याला बम्प टेस्ट म्हणतात. तुमच्या पोरीचं काम हे.

कंपनीला विचारायचंच तर हे विचारा: राहायची सोय काय, शिफ्ट कोणती, न्यायला-आणायला बस आहे का, अप्रेंटिसलाही अंगावर लावायचा मीटर देता का. शेवटच्या प्रश्नाला कोणी आं-ऊं केलं तर मीच म्हणेन नका पाठवू.

पुढे थेट दुसऱ्या वर्षाला डिग्री आहे, अनुभव झाला की इंडस्ट्रियल सेफ्टीचा डिप्लोमाही आहे. एमपीएससी तिला स्वतःला वाटली तर करेल, सोयरिकीसाठी म्हणून नको.

येत्या रविवारी तिला तुमच्या कोल्ड स्टोरेजवर घेऊन जा. अमोनिया हवेपेक्षा हलका, सेन्सर असलाच तर वर छताकडे आहे का की कोणी पायाशी ठोकलाय, ते तिला बघू द्या. नसेलच, तर मालकाशी बोलायचं काम तुमचं.