बालीचा विमानतळ एक दिवस पूर्ण बंद असतो म्हणे, मग मार्चमध्ये जावं की नाही?

हो, खरं आहे. न्येपीच्या, म्हणजे बालीच्या हिंदू नववर्षाच्या दिवशी बालीचा न्गुराह राय आंतरराष्ट्रीय विमानतळ सकाळी ६ वाजता बंद होतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ६ वाजता उघडतो. त्या चोवीस तासांत एकही प्रवासी विमान तिथून सुटत नाही की उतरत नाही. वैद्यकीय निकड किंवा आणीबाणी आली तरच धावपट्टी वापरतात. तुम्ही विचारलंय की घरच्यांना घेऊन मार्चमध्ये जायचं आहे, तर हे दिवस टाळावेत का. माझं उत्तर स्पष्ट आहे : टाळू नका. जमत असेल तर न्येपी बालीतच घालवा. मी तो दिवस तिथे काढलाय, आणि बालीबद्दल मनात जो जिव्हाळा आहे त्यातला बराचसा त्या एका दिवसामुळे आहे. फक्त सणाच्या आगेमागे तिकिटं कशी काढायची हे आधी समजून घ्या, कारण सगळा घोळ होतो तो तिथेच.

हा बंद किती मोठा आहे याचा आधी अंदाज देतो. वर्षाला दोन कोटींहून जास्त प्रवासी या विमानतळावरून ये-जा करतात, आणि तेही एकाच धावपट्टीवरून. ही धावपट्टी तीन हजार मीटर लांब आहे आणि तिचं पश्चिमेचं टोक भराव टाकून थेट समुद्रात नेलेलं आहे. उत्तरेला कुटाचा किनारा, दक्षिणेला जिम्बारानचा. तिकिटावर देनपासार लिहिलेलं असतं, पण विमानतळ शहरात नाही, दक्षिणेला तुबान भागात आहे. २०२४ मध्ये बालीत साठ लाखांहून जास्त परदेशी पर्यटक आले, आणि त्यातले जवळजवळ सगळे याच दारातून आत आले. बेटाचं पोट ज्या धंद्यावर चालतं, त्याचं मुख्य दार तिथले लोक दरवर्षी स्वतःहून लावून घेतात. त्यासाठी शेकडो उड्डाणं रद्द होतात. नुसता विमानतळच नाही, जावाकडून येणाऱ्या फेरीबोटींचं गिलिमानुक बंदर आणि लोंबोक बेटाकडे जाणाऱ्या बोटींचं पादांगबाई बंदरही त्या दिवशी थांबलेलं असतं.

आता तारखेबद्दल, कारण मराठी माणसाला ही गोष्ट चटकन समजेल. न्येपी म्हणजे बालीच्या हिंदूंचं नववर्ष, आणि त्यांचा शक आणि आपला शालिवाहन शक एकच, इसवी सन ७८ पासून मोजलेला. २०२३ मध्ये आपल्याकडे गुढीपाडव्याला शके १९४५ सुरू झालं, त्याच दिवशी, म्हणजे २२ मार्चला, बालीतही शक १९४५ सुरू झालं. २०२५ मध्ये न्येपी २९ मार्चला आणि पाडवा ३० मार्चला. २०२६ मध्ये दोन्ही १९ मार्चलाच, शके १९४८. पण दरवर्षी जुळेलच असं धरून चालू नका. २०२४ मध्ये न्येपी ११ मार्चला झाली आणि पाडवा थेट ९ एप्रिलला, कारण अधिक महिना कुठे धरायचा याचा त्यांचा हिशोब वेगळा आहे. त्यामुळे आपलं कॅलेंडर पाहून तिकीट काढू नका, इंडोनेशियाच्या सरकारी सुट्ट्यांच्या यादीत न्येपीची तारीख बघा. ती यादी आदल्या वर्षीच जाहीर होते.

एकच शक, एकच चांद्र पंचांगाची परंपरा, आणि नववर्षाचं स्वागत मात्र किती वेगळं. आपण गुढी उभारतो, ढोलताशे, शोभायात्रा, श्रीखंडपुरी. बालीचे लोक चोवीस तास गप्प बसतात. त्या दिवसाचे चार नेम आहेत : अग्नी किंवा दिवा पेटवायचा नाही, काम करायचं नाही, बाहेर पडायचं नाही, करमणूक करायची नाही. भाविक घरांत उपास आणि मौनही पाळतात. लोकांत सांगितली जाणारी समजूत अशी की आदल्या संध्याकाळी गोंगाट करून भूतखेतांना जागं करून हुसकावलेलं असतं, आणि दुसऱ्या दिवशी बेटावर कुणी राहतच नाही असं वाटून ती निघून जावीत म्हणून सगळं अंधारात आणि शांत ठेवायचं. वडीलधारी माणसं मात्र हा दिवस मुख्यतः आत्मपरीक्षणाचा मानतात. विमानतळ बंद असतो तो या तिसऱ्या नेमामुळे. बेटावरचं सगळं हिंडणंफिरणं थांबलेलं असताना डोक्यावरून विमानं उतरत राहणं त्यांना मान्य नाही, आणि सरकारनंही ते मान्य केलंय. इंडोनेशिया हा मुस्लीमबहुल देश आहे, त्यात हिंदूबहुल असा हा एकच प्रांत, आणि न्येपी तिथे देशभराची सरकारी सुट्टी आहे. मला याचं फार मोल वाटतं.

आता तुमच्या तिकिटाकडे येऊ. बालीचं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे आहे. मुंबईहून रात्री निघालं आणि सिंगापूर, क्वालालंपूर किंवा बँकॉकला विमान बदललं तर बालीत पोचायला दुसऱ्या दिवसाची दुपार होते. म्हणजे न्येपीच्या आदल्या रात्री भारतातून निघणं हा पर्यायच बाद. दोन टप्पे वेगवेगळ्या कंपन्यांचे आणि वेगवेगळ्या तिकिटांवर असतील तर जास्त जपून राहा. पहिलं विमान वेळेवर सिंगापूरला पोचेल आणि पुढचं त्या दिवशी असणारच नाही. शक्यतो संपूर्ण प्रवास एकाच तिकिटावर काढा, म्हणजे तारीख बदलली तर पुढची सोय करणं कंपनीच्या अंगावर राहतं.

आदल्या दिवशी पोचणार असाल तर सकाळी पोचा, दुपारनंतर नको. त्या संध्याकाळी गावोगावी ओगोह-ओगोहची मिरवणूक असते. बांबू आणि कागदाच्या अक्राळविक्राळ राक्षसमूर्ती गावातली पोरं कित्येक आठवडे खपून बनवतात. मग त्या खांद्यावर घेऊन गामेलान या तिथल्या वाद्यमेळाच्या ठेक्यावर चौकाचौकांत फिरवतात, गरगरा वळवतात, आणि बऱ्याच ठिकाणी शेवटी जाळतात. देनपासार, कुटा, उबुद, सगळीकडचे मुख्य रस्ते वाहनांना बंद होतात. विमानतळावर उतरून टॅक्सी मिळाली तरी ती हॉटेलपर्यंत पोचेल याची खात्री नसते. सकाळी आलात तर सामान टाकून, चार घास खाऊन संध्याकाळी आरामात मिरवणूक बघता येते. मुलांना ही मिरवणूक जन्मभर लक्षात राहील. लहानग्यांना त्या मूर्तींची भीती वाटू शकते, तेव्हा थोडं लांब उभे राहा.

आणखी दोन-तीन दिवस आधी गेलात तर मेलास्ती बघायला मिळेल. देवळांतल्या पवित्र वस्तू, छत्र्या, निशाणं घेऊन पांढऱ्या कपड्यांतले लोक रांगेनं समुद्रावर येतात आणि तिथे शुद्धीचे विधी करतात. सनूर, कुटा, पेतितेंगेत या किनाऱ्यांवर हे दिसतं. बघायला मनाई नाही, फक्त रांगेच्या मध्ये जाऊ नका, खांदे-गुडघे झाकलेले असू द्या, आणि पूजा सांगणाऱ्यांच्या तोंडासमोर मोबाइल धरू नका.

प्रत्यक्ष न्येपीच्या दिवशी पर्यटकालाही हॉटेलच्या आवाराबाहेर पडता येत नाही. यात सूट नाही, आणि ती मागूही नये. रस्त्यावर पेचालांग, म्हणजे गावपंचायतीचे पारंपरिक रखवालदार, काळ्या-पांढऱ्या चौकड्यांचं वस्त्र कमरेला गुंडाळून गस्त घालत असतात. समुद्रावर जाता येत नाही, दुकानं बंद, टॅक्सी बंद. २०१८ पासून मोबाइलवरचं इंटरनेटही त्या दिवशी बंद ठेवतात. रुग्णवाहिका आणि दवाखाने मात्र चालू असतात, घरच्यांना तेवढं सांगून ठेवा. मोठ्या हॉटेलांत आतल्या आत जेवणाची सोय असते, संध्याकाळनंतर पडदे लावून मिणमिणते दिवे चालतात, पोहण्याच्या तलावावर दंगा नको एवढीच सूचना असते. घरगुती निवास किंवा स्वयंपाकघर नसलेला व्हिला घेणार असाल तर दिवसभराच्या जेवणाचं काय, हे बुकिंग करतानाच विचारून घ्या. फळं, ब्रेड, बाळाचं दूध, नेहमीची औषधं, पाणी हे सगळं आदल्या दिवशी दुपारच्या आतच आणून ठेवायचं. रोख पैसेही तेव्हाच काढा. त्या दिवशी हॉटेल बदलता येत नाही, म्हणून आदली रात्र, न्येपीची रात्र, दोन्ही एकाच ठिकाणी धरा.

आणि मग रात्र. अमावास्या नुकतीच सरलेली असते, चंद्र नावालाही नसतो, आणि पूर्ण बेटावर रस्त्याचा एक दिवा नाही, गाडीचा एक आवाज नाही. आम्ही दक्षिणेत, विमानतळापासून जवळच राहिलो होतो. एरवी तिथे दर थोड्या मिनिटांनी विमानाची घरघर ऐकू येते. त्या रात्री बेडूक, रातकिडे आणि लांबवर समुद्र, एवढंच होतं. आकाशात इतके तारे की ओळखीची नक्षत्रं शोधायला वेळ लागला. गर्दीनं गजबजलेल्या पर्यटनस्थळी असं आकाश मी दुसरीकडे पाहिलेलं नाही. हवामानानं साथ द्यायला हवी हे खरं, कारण मार्चमध्ये तिथला पावसाळा पुरता संपलेला नसतो.

परतीचं तिकीट काढताना लोक हमखास चुकतात. विमानतळ सकाळी ६ ला उघडतो म्हणून ८ चं विमान धरतात. पण ६ वाजेपर्यंत तुम्हालाही रस्त्यावर यायला मनाई आहे! आंतरराष्ट्रीय उड्डाणासाठी तीन तास आधी पोचायचं म्हटलं तर ते गणित बसतच नाही. शिवाय चोवीस तास तुंबलेले सगळे प्रवासी त्याच सकाळी निघतात, चेक-इन आणि इमिग्रेशन दोन्हीकडे रांगा लागतात. त्या दिवशी निघायचंच असेल तर दुपारनंतरचं विमान घ्या. त्याहून चांगलं म्हणजे आणखी एक दिवस राहून निघा. न्येपीनंतरच्या दिवशी बालीचे लोक नातेवाइकांकडे जातात, एकमेकांची क्षमा मागतात, आणि बेट हळूहळू पूर्वपदावर येतं. तो दिवस समुद्रावर घालवण्यासारखा असतो.

बाकी विमानतळावरच्या गोष्टी सोप्या आहेत. भारतीयांना आगमनानंतर व्हिसा मिळतो, शुल्क ५ लाख इंडोनेशियन रुपिया, मुदत ३० दिवस. तो आधीच ऑनलाइन काढला तर एक रांग वाचते. १४ फेब्रुवारी २०२४ पासून परदेशी पर्यटकांना दीड लाख रुपियांचा बाली प्रांताचा वेगळा कर आहे, तोही घरबसल्या भरता येतो. पासपोर्ट किमान सहा महिने वैध असावा. बाहेर पडल्यावर हाताला धरून ओढणाऱ्यांच्या मागे जाऊ नका, अधिकृत टॅक्सीचा काउंटर आणि ग्रॅब ही ॲपवरची टॅक्सी, दोन्हींची जागा आतच आहे. नुसा दुआला राहणार असाल तर समुद्रावरून जाणाऱ्या बाली मांदारा टोलरस्त्यानं न्यायला सांगा, २०१३ मध्ये तो झाल्यापासून त्या बाजूची कोंडी बरीच टळते. वाटेत चौकात ज्यांचा पुतळा दिसतो ते इ गुस्ती न्गुराह राय. डच सैन्याशी लढताना मार्गा गावाजवळ २० नोव्हेंबर १९४६ रोजी ते आपल्या साथीदारांसह शेवटच्या माणसापर्यंत झुंजले आणि वयाच्या २९व्या वर्षी धारातीर्थी पडले. विमानतळाला त्यांचं नाव आहे, मुलांना तेवढी गोष्ट जरूर सांगा.

खरी चिंता करायचीच असेल तर ती न्येपीची नको, ज्वालामुखीची करा. न्येपीची तारीख आधीच ठाऊक असते, राखेची नसते. नोव्हेंबर २०१७ मध्ये आगुंग पर्वताच्या राखेमुळे हाच विमानतळ काही दिवस बंद राहिला आणि हजारो लोक अडकले. नोव्हेंबर २०२४ मध्ये तर पूर्वेकडे दूर असलेल्या फ्लोरेस बेटावरच्या लेवोतोबी ज्वालामुखीनं बालीची उड्डाणं रद्द करायला लावली. ही राख विमानाच्या इंजिनात जाऊन वितळते आणि इंजिन बंद पाडू शकते, म्हणून कंपन्या धोका पत्करत नाहीत. प्रवास विमा घेताना नैसर्गिक आपत्तीमुळे रद्द झालेलं उड्डाण त्यात धरलंय का, हे वाचून घ्या.

आता तुमच्यापुरतं सांगायचं तर हातात सहा-सात दिवस असतील तर न्येपी मध्ये येईल असं बघा : आधी तीन दिवस, नंतर दोन. पण जेमतेम तीन-चार दिवसांचीच रजा मिळत असेल, तर त्यातला एक पूर्ण दिवस खोलीत बसण्यात जाईल आणि बरोबरची मंडळी कंटाळतील. मग तारीख दहा-बारा दिवस पुढे ढकला, तोवर पाऊसही ओसरू लागलेला असेल.