कसूर, हलगर्जीपणा की गफलत?

प्रश्न असा आलाय की 1854 साली आयर्लंडजवळ फुटलेल्या 'टेलर' जहाजाच्या चौकशीबद्दल मराठीत लिहायचं झालं तर मालक आणि कॅप्टन दोघांच्याही चुकीला 'गफलत' म्हणून चालेल का, की 'कसूर' म्हणावं. माझ्या मते गफलत दोघांनाही लागू होत नाही, आणि दोघांना मिळून एकच शब्द वापरला तर त्या चौकश्यांत नेमका वाद कशावर होता तेच वाचणाऱ्याला कळणार नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. लोखंडी बांधणीचं, शिडांवर चालणारं नवंकोरं जहाज, पहिलाच प्रवास, 19 जानेवारीला लिव्हरपूलहून मेलबर्नला निघालं, वर सहाशेच्या आसपास माणसं. लोखंडी सांगाड्यामुळे होकायंत्रं खोटी दिशा दाखवत होती, एकमेकांशीही जुळत नव्हती, त्यामुळे आपण दक्षिणेला चाललोय असं वाटत असताना जहाज प्रत्यक्षात पश्चिमेला आयर्लंडकडे सरकत होतं. वर धुकं, वादळ, आणि नवे दोर कप्प्यांत (पुलींत) अडकायला लागल्यामुळे शिडंही आवरेनात. 21 तारखेला डब्लिनजवळच्या लॅम्बे बेटाच्या खडकांवर ते आपटलं. किनारा इतका जवळ की काहीजण दोराला धरून खडकावर पोचले, तरी निम्म्याहून जास्त लोक गेले, आणि शंभरेक बायकांपैकी वाचल्या फक्त 3. हा आकडा वाचला की आजही पोटात कालवतं.

मग कॉरोनरच्या, म्हणजे अपघाती मृत्यूंची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याच्या, ज्यूरीने (मुंबईतही कॉरोनर होता, जुन्या लोकांना हा शब्द आठवत असेल) मुख्य ठपका ठेवला मालकांवर, की होकायंत्रं नीट जुळवून न घेता जहाज बंदरातून सोडलंच कसं. जहाजांचा कारभारही बघणाऱ्या ब्रिटिश सरकारच्या बोर्ड ऑफ ट्रेड या व्यापार खात्याने मात्र कॅप्टन नोबलवर बोट ठेवलं, कारण धुक्यात पुढचं दिसत नसताना त्याने पाण्याचा ठाव घेतला नाही. शिशाचं वजन लावलेली दोरी खाली सोडून खोली मोजायची, खोली कमी होत चालली की जमीन जवळ आली हे कळतं, त्या काळातल्या कुठल्याही दर्यावर्दीला ठाऊक असलेली पद्धत.

आता शब्द बघा. 'कसूर' म्हणजे कमी पडणं. आपण 'कर्तव्यात कसूर' म्हणतो, म्हणजे काम आधीच ठरलेलं असतं आणि माणूस त्यात कमी पडतो. ठाव घेणं हे कॅप्टनचं ठरलेलं काम, ते केलं नाही, म्हणून कॅप्टनची कसूर हे अगदी चपखल बसतं. मालकांचं तसं नाही, त्यांच्याकडे वेळ होता, बंदर होतं, आणि लोखंडी जहाजात होकायंत्र चुकतं हे तेव्हा माहीतही होतं, तरी घाईने जहाज सोडलं. त्याला 'हलगर्जीपणा' म्हणा, पेपरात पूल कोसळल्यावर ठेकेदाराच्या बाबतीत येतो तोच अर्थ. 'हयगय' पण चुकीचं नाही, फक्त त्याला 'हयगय केल्यास कारवाई करण्यात येईल' अशा नोटिशीचा वास आहे, आणि ते घडून गेलेल्या गोष्टीपेक्षा आधीची ताकीद म्हणून जास्त शोभतं.

'गफलत' का नको, तर त्यात माफी आधीच देऊन टाकलेली असते. हिशोबात गफलत झाली, तारखेत गफलत झाली, असं म्हणतो तेव्हा कुणाला जाब विचारत नाही आपण. आणि ती बहुतेक वेळा 'होते', कुणी 'करत' नाही, कसूर मात्र कुणीतरी केलेली असते. इतकी माणसं गेल्यावर झालेल्या चौकशीत असा मऊ शब्द घालणं मला तरी पटत नाही.

तेव्हा वाक्य असं करा: 'ज्यूरीने मालकांच्या हलगर्जीपणावर ठपका ठेवला, तर बोर्ड ऑफ ट्रेडने कॅप्टनने कामात कसूर केल्याचं म्हटलं.' आणि 'तपास' नको, 'चौकशी'च ठेवा, तपास म्हटलं की पोलीस डोळ्यासमोर येतात.